उद्या हे कार्ड कोणाला हवं असेल?

एडिसन, न्यू जर्सी

चि. ओंकार,

तुझा लांबलचक मेल वाचला. बोनसमधले तीन हजार डॉलर खेळाडूंच्या कार्डांत घालायचे आहेत आणि ताईला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे दोन्ही ध्यानात घेतलं. नाही सांगत. तिच्या लेखी तिची धाकटी बहीण अजूनही शनिवार-रविवारी हॉटेलच्या हॉलमध्ये टेबल मांडून ‘पोरांची चित्रं’ विकते, आणि तिचा तो समज मोडण्यात मला काही रस नाही.

तू विचारलंस ते असं : बास्केटबॉलमधल्या कूपर फ्लॅगचं सही केलेलं, नंबर छापलेलं रूकी कार्ड घेऊ, की ल्युका डॉन्चिचचं २०१८ चं सिल्व्हर प्रिझम घेऊ, की सरळ दोन-तीन बॉक्स आणून फोडू? एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण मग पुढच्या बोनसला तू पुन्हा विचारशील, आणि तोवर खेळाडूही दुसरा असेल. म्हणून जरा लांबण लावते.

तुझ्या मेलमधल्या एका वाक्यावर मी अडले : “मावशी, पन्नासच छापलीत.” हे ‘पन्नासच’ तुझ्या डोक्यातून आधी काढायला हवं. पन्नास कोणी ठरवले? कंपनीने. टॉप्स कंपनीच्या क्रोम संचाचा नेहमीचा शिरस्ता घे : निळं कार्ड १५०, सोनेरी ५०, नारिंगी २५, लाल ५ आणि सुपरफ्रॅक्टर एकच. शिवाय नंबर नसलेली साधी आणि चमकदार रिफ्रॅक्टर असतातच. फोटो बहुतेक वेळा तोच, खेळाडू तोच, फक्त कडेचा रंग वेगळा. मग त्याच वर्षी त्याच पोराचा दुसरा संच येतो, तिसरा येतो, प्रत्येकाचं आपापलं सोनेरी पन्नास. वर्षअखेरीस ‘फक्त पन्नास’ असलेली किती वेगवेगळी कार्डं बाजारात उतरली याची बेरीज एकदा करून बघ. कंपनीला दुर्मीळपणा छापता येतो. ते कार्ड हवंसं वाटणारी माणसं तिला छापता येत नाहीत. आजच्या कार्डांत पैसे घालणाऱ्याने त्या माणसांचाच अभ्यास करावा, असं माझं मत आहे आणि बाकीचं पत्र त्याभोवतीच फिरणार आहे.

जुन्या कार्डांचं गणित वेगळं होतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. १९५२ साली टॉप्सने बेसबॉलचा मोठा संच काढला. त्याचा शेवटचा भाग हंगाम संपता संपता दुकानांत पोहोचला, तो खपला नाही. टॉप्सचे साय बर्गर पुढे स्वतःच सांगत की उरलेला माल गोदामात पडून होता, तो १९६० च्या सुमारास पडावावर लादून न्यूयॉर्कजवळच्या समुद्रात बुडवला. घरोघरच्या आयांनी उरलेली कार्डं केराबरोबर टाकली. म्हणजे तो दुर्मीळपणा कोणी ठरवून केलेला नव्हता. बेफिकिरीतून घडला होता. त्या शेवटच्या भागातलं मिकी मँटलचं ३११ नंबरचं कार्ड २०२२ च्या ऑगस्टमध्ये तुझ्याच डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्सने १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं.

इथवरची गोष्ट तुला माहीत असेल. तिचा दुसरा अर्धा भाग कमी लोक सांगतात. मँटलचं ते कार्ड छपाईच्या पत्र्यावर दोनदा बसवलेलं होतं, म्हणजे त्या भागातल्या बहुतेक शेजाऱ्यांपेक्षा ते जास्त छापलं गेलं. आणि ते त्याचं रूकी कार्डही नाही. त्याचं रूकी १९५१ चं, बोमन कंपनीचं. म्हणजे जास्त छापलेलं, पहिलं नसलेलं कार्ड त्याच खेळाडूच्या पहिल्या कार्डापेक्षा कितीतरी महाग. तसंच होनस वॅग्नरचं. १९०९ ते १९११ मधल्या सिगारेटच्या पाकिटांतलं त्याचं कार्ड २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला गेलं. त्याच संचात जो डॉईल नावाच्या गोलंदाजाचं एक चुकीचं छापलेलं कार्ड आहे, ते वॅग्नरपेक्षाही दुर्मीळ. पण डॉईल कोण हे अभ्यासकांनाच ठाऊक, आणि किमतीतही तो मागे. वॅग्नरची गोष्ट मात्र बेसबॉल न पाहणाऱ्यालाही ठाऊक असते.

पन्नाशीच्या दशकातली ती पोरं ऐंशीच्या दशकात कमावती झाली आणि लहानपणी आईने टाकून दिलेली कार्डं पैसे देऊन परत घेऊ लागली. वर्तमानपत्रांत किमती छापून आल्या. मग अख्ख्या देशाने कार्डं जपायला घेतली, आणि कंपन्यांनी ती रात्रंदिवस छापायला घेतली. १९८९ ला अपर डेक कंपनी आली. गुळगुळीत कागद, मागे होलोग्राम, संचातलं पहिलंच कार्ड केन ग्रिफी ज्युनियर. सुंदर कार्ड आहे, मलाही आवडतं. पण प्रत्येकाने ते पॅकमधून निघताक्षणी प्लास्टिकमध्ये घातलं, त्यामुळे ते आजही ढिगाने मिळतं. त्या काळातल्या मालाला इथले लोक ‘जंक वॅक्स’ म्हणतात. माझ्या टेबलापाशी दर शोला कोणीतरी वडिलांच्या माळ्यावरची अशी खोकी घेऊन येतं. त्यांना नाही म्हणणं हे या धंद्यातलं सगळ्यात नकोसं काम.

कंपन्यांनी यातून एकच धडा घेतला. लोक आता काही टाकत नाहीत, तेव्हा दुर्मीळपणा आपणच तयार करायला हवा. १९९० मध्ये अपर डेकने रेगी जॅक्सनच्या सहीची २,५०० कार्डं पॅकमध्ये लपवली. १९९३ च्या टॉप्स फायनेस्टमध्ये रिफ्रॅक्टर आले, प्रत्येकी अडीचशेच्या आत. १९९७ पर्यंत ‘एकातलं एक’ आलं. तुझं ‘पन्नासच’ या परंपरेतलं आहे. ते खोटं नाही, पण निसर्गाने पन्नास ठेवलेत असंही नाही.

आता माणसांकडे वळू. लहानपणी तुझ्या मामाकडे डब्ल्यू. डब्ल्यू. एफ. ची ट्रम्प कार्डं होती, ती तुलाही पुढे खेळायला मिळाली असतील. तिथे ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचं कार्ड घ्यायचं. इथे तसं चालेल असं नवीन गिऱ्हाइकाला फार वाटतं. बास्केटबॉलमधले टिम डंकन आणि कोबी ब्रायंट घे. डंकनच्या नावावर पाच विजेतेपदं, कोबीच्याही पाच. लीगचा सर्वोत्तम खेळाडू डंकन दोनदा, कोबी एकदा. डंकन १९९७ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला, कोबी १९९६ मध्ये तेरावा. आकडे मांडले तर डंकन कुठेच कमी नाही. पण १९९६–९७ चं कोबीचं टॉप्स क्रोम रिफ्रॅक्टर आणि पुढच्या वर्षीचं डंकनचं तेच कार्ड शेजारी ठेव, आणि किमतीतली दरी बघ. २०२० मध्ये कोबी अपघातात गेला त्यानंतर ती अजून वाढली, पण आधीही होतीच. डंकन सॅन अँटोनियोत खेळला, बोर्डावरून सरळ शॉट मारायचा, मुलाखतीत दोन शब्द बोलायचा. कोबी लॉस एंजेलिसमध्ये, लेकर्सच्या जर्सीत, शेवटच्या सेकंदाला मागे झुकून उडी मारणारा. गल्लीतलं पोर कागदाचा बोळा कचऱ्याच्या डब्यात टाकताना कोणाचं नाव ओरडायचं, याचं उत्तर किमतीत आहे. निकोला योकिच तीन वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी त्याची कार्डं त्याच्याहून कितीतरी कमी जिंकलेल्या उड्या मारणाऱ्या पोरांच्या मागे राहिलेली मी पाहिली आहेत. मला हे अन्यायाचं वाटतं. पण माझ्या वाटण्याला गिऱ्हाईक नाही.

म्हणून खेळाडू निवडताना तो किती चांगला आहे एवढंच विचारू नकोस. तो कोणाकोणाचा आहे ते विचार. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक सोडून इतरांच्या कार्डांना फारसा भाव नाही, बेसबॉलमध्ये गोलंदाजांवर लोकांचा भरवसा कमी कारण त्यांचे खांदे-कोपर कधी दगा देतील सांगता येत नाही. शहराचं वजन आहेच : यँकीज, लेकर्स, डॅलस काउबॉइज. देशाचंही आहे. ल्युकामागे अख्खं स्लोव्हेनिया आहे आणि युरोपातली बास्केटबॉल पाहणारी सगळी माणसं आहेत. आणि एक नवा वर्ग गेल्या दोनेक वर्षांत माझ्या टेबलाशी दिसायला लागला आहे : बापाचा हात धरून येणाऱ्या मुली, केटलिन क्लार्कचं कार्ड मागणाऱ्या. २०२४ च्या आधी महिला बास्केटबॉल लीगच्या कार्डांचा डबा मी टेबलाखाली ठेवायची. आता तो वर, डाव्या कोपऱ्यात असतो. या मुली पंचवीस वर्षांनी पगार घेतील तेव्हा काय विकत घेतील, ते आजच दिसतंय.

हा वयाचा हिशोब नीट लक्षात घे. माणूस साधारणपणे आपल्या दहाव्या-बाराव्या वर्षाचा हिरो पस्तिशी-चाळिशीत विकत घेतो. आज जॉर्डन, ग्रिफी, कोबी यांच्यासाठी पाकीट सैल सोडणारे कोण? नव्वदच्या दशकातली पोरं. तेव्हा एखादं कार्ड घेण्याआधी तुझ्या डॅलसजवळच्या इरव्हिंगमधल्या सोसायटीतली शाळकरी पोरं कोणाच्या जर्सीत फिरतात तेवढं पाहा. हा अभ्यास फुकट आहे आणि कोणताही किंमत सांगणारा ॲप तो करत नाही.

आता कार्डाकडे. गिऱ्हाइकाच्या आवडीनिवडी इथे बऱ्याच पक्क्या झाल्या आहेत, त्यातल्या काहींना अर्थ आहे, काही निव्वळ रिवाज आहेत. पण रिवाजालाही पैसे पडतात.

रूकी कार्ड हवं, हे सगळ्यांचं एकमत. कोणत्या संचातलं, यावरही जवळपास एकमत असतं. पनीनी कंपनीच्या काळात, २०१२ पासून, प्रिझम. त्यात साध्यापेक्षा सिल्व्हर. ल्युकाच्या साध्या प्रिझमची दहाचा ग्रेड (स्थितीला पूर्ण गुण) मिळालेली कार्डं कित्येक हजार आहेत. ते घेऊ नकोस. फ्लॅगच्या बाबतीत, ड्यूक विद्यापीठाच्या जर्सीतली त्याची बोमन कार्डं आधी आली, एनबीएच्या जर्सीतली टॉप्सची नंतर. लोक व्यावसायिक जर्सीलाच मान देतात. कॉलेजचं कार्ड स्वस्त दिसतं म्हणून भुलू नकोस. ते पुढेही स्वस्तच राहण्याचा संभव जास्त.

तू धास्तावून विचारलं आहेस की २०२५–२६ च्या हंगामापासून एनबीएचा परवाना पनीनीकडून टॉप्सकडे गेला, आता जुन्या पनीनी कार्डांचं काय? (तू राहतोस त्या इरव्हिंगमध्येच पनीनी अमेरिकेचं मुख्यालय आहे, म्हणजे तुमच्या गावात ही चर्चा जास्त जोरात असणार. टॉप्स फॅनॅटिक्स कंपनीने २०२२ च्या जानेवारीत सुमारे ५० कोटी डॉलरला घेतली, तेव्हापासून हे येऊ घातलंच होतं.) मला यात भीती दिसत नाही. २००९ मध्ये परवाना पनीनीकडे एकवटला आणि अपर डेक व टॉप्स दोघीही एनबीएबाहेर गेल्या. त्यानंतर बारा वर्षांनी, २०२१ च्या एप्रिलमध्ये, अपर डेकच्याच एक्स्क्विझिट संचातलं २००३–०४ चं लेब्रॉन जेम्सचं सही आणि जर्सीचा तुकडा (पॅच) असलेलं रूकी कार्ड ५२ लाख डॉलरला गेलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच मालिकेतलं जॉर्डन आणि कोबी दोघांच्या सह्या-लोगोंचं कार्ड १ कोटी २९ लाखांवर जाऊन मँटलच्या पुढे गेलं. कंपनीचा परवाना गेला म्हणून त्या वर्षाचं कार्ड बदलत नाही. ल्युकाचं रूकी वर्ष पनीनीचं होतं, ते पनीनीचंच राहणार.

सही असेल तर ती थेट कार्डावर केलेली हवी. पारदर्शक चिकटपट्टीवर सह्या घेऊन त्या नंतर कार्डावर डकवतात, ती गिऱ्हाइकाला दुय्यम वाटते, आणि वाटावीच. खेळाडूने त्या कार्डाला हात लावलेला नसतो. पॅचच्या बाबतीत कार्ड उलटं करून मागचा बारीक मजकूर वाचायची सवय लाव. पुष्कळ कार्डांवर सरळ लिहिलेलं असतं की आतलं कापड कोणत्याही विशिष्ट सामन्याशी संबंधित नाही. काही ठिकाणी खेळाडूने फोटोशूटसाठी क्षणभर अंगात घातलेली जर्सी असते. समोरून बघ्याला दोन्ही सारखीच भारी दिसतात. याच्या उलट, बेसबॉलमध्ये २०२३ पासून पदार्पणाच्या सामन्यात खेळाडू खरोखर घालतो तो बाहीवरचा पॅच काढून एकाच कार्डात बसवतात. तिथे कापडाला गोष्ट आहे, म्हणून लोक वेडे होतात. पॉल स्कीन्सचा तसा पॅच लॉस एंजेलिसच्या ११ वर्षांच्या मुलाला २०२४ च्या नाताळात पॅकमध्ये सापडला. पिट्सबर्ग पायरेट्सने त्या बदल्यात तीस वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली होती. मुलाने ती नाकारली आणि लिलावात त्याला ११ लाख १० हजार डॉलर आले. गोलंदाजाच्या कार्डाला! कारण ते कार्ड हवं असणारं एक आख्खं शहर होतं.

रंग संघाच्या जर्सीशी जुळावा, ही आवड मला पटते. डॅलसच्या खेळाडूचं निळं कार्ड डोळ्याला बरं दिसतं, आणि १५० असूनही ते कधीकधी जुळत नसलेल्या ५० ला मागे टाकतं. पुन्हा तेच : छपाईचा आकडा हरला. नंबर जर्सीशी जुळावा, म्हणजे ल्युकाचं ७७/९९ किंवा फ्लॅगचं ३२/५०, यासाठी लोक जादा मोजतात ते मात्र मला कळत नाही. त्यासाठी तू एक डॉलरही जास्त देऊ नकोस. विकणाऱ्याच्या लक्षात आलं नसेल तर मात्र गुपचूप घे.

ग्रेडिंगबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर तू आधीच फार वाचलेलं दिसतंस. नवीन कार्डं मशीनमधून बरी निघतात, म्हणून दहाचा ग्रेड सर्रास मिळतो आणि नऊची किंमत दाणकन पडते. साध्या किंवा सिल्व्हर कार्डाला दहाच घे. खरोखर थोडी असलेली रंगीत कार्डं असतील तर नऊ, साडेनऊ चालेल. तिथे गिऱ्हाईक कोपऱ्यापेक्षा कार्डच मिळण्याची वाट पाहत असतं. आणि ग्रेड केलेल्या कार्डाची डबी कितीही जाड असली तरी आतलं कार्ड स्वतःच्या डोळ्यांनी बघ. ग्रेडिंग कंपनी पी.एस.ए.ने १९९१ मध्ये ग्रेड केलेलं पहिलंच कार्ड म्हणजे हॉकीपटू वेन ग्रेट्झ्कीने भागीदारीत ४ लाख ५१ हजारांना घेतलेलं वॅग्नर, ग्रेड आठ. त्याच्या कडा कापल्याचं लिलाववाल्या बिल मॅस्ट्रोने २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केलं. डबीवरचा आठ मात्र अजून आठच आहे.

बॉक्स फोडण्याचं काय, तर नको. दिवाळीला मित्र जमतील तेव्हा एक छोटा ब्लास्टर बॉक्स आणून फोडा, मजा येते, मीही येईन. पण गुंतवणूक म्हणून नको. बॉक्सची किंमत ठरवताना आतल्या मोठ्या कार्डाच्या आशेचे पैसे आधीच लावलेले असतात, आणि ती आशा बहुतेक बॉक्समध्ये नसते. रात्री अकराला मोबाईलवर चालणारे ‘ब्रेक’, जिथे तू एका संघाची जागा विकत घेतोस आणि कोणी अनोळखी माणूस ओरडत पॅक फोडतो, तो तर उघड जुगार आहे. स्कीन्सचं कार्ड सापडलेल्या मुलाचं नाव सगळीकडे झालं. त्याच मालाचे पॅक फोडून रद्दी हाती आलेल्यांची बातमी होत नाही.

आता तुझ्या फ्लॅगकडे. पोरगा चांगला आहे, २०२५ च्या ड्राफ्टमध्ये डॅलसने पहिला निवडलेला, आणि तुमच्या शहराला ल्युका गेल्यावर तो हवाच होता. नेमकं म्हणूनच आत्ता त्याचं कार्ड घेऊ नकोस. पहिल्या वर्षी किमतीत खेळाडूचं सगळं भविष्य आगाऊ वसूल केलेलं असतं. शिवाय संच एकामागून एक येत राहतात, पुरवठा महिन्यागणिक वाढतो. २०१९ मध्ये झायन विल्यमसनच्या बाबतीत हाच उत्साह होता. पहिल्या हंगामात तो २४ सामने खेळला, २०२१–२२ चा पूर्ण हंगाम पायाच्या दुखापतीने बुडाला, आणि त्याची कार्डं कुठून कुठे आली ते तुलाही ठाऊक आहे. फ्लॅगचं असं होईल असं माझं म्हणणं नाही. तसं झालं तर तुझे पैसे जातील आणि नाही झालं तरी फार वाढणार नाहीत, एवढाच मुद्दा. किंमत जॉर्डनचीही पडते, बाबा. त्याचं १९८६ चं फ्लीअर, ग्रेड दहा, २०२१ च्या जानेवारीत ७ लाख ३८ हजारांना गेलं होतं; पुढच्याच वर्षी तशीच कार्डं दोन लाखांच्या घरात मिळत होती. फरक असा की जॉर्डन हवा असणारी माणसं तिथेच होती, फक्त घाबरलेले सट्टेवाले निघून गेले.

ल्युकाच्या बाबतीत मला दोन शहरांची माणसं दिसतात. २०२५ च्या फेब्रुवारीत डॅलसने त्याला लेकर्सना देऊन टाकलं तेव्हा तुम्ही डॅलसवाले रडलात. ते रडणं विसरलं जाणार नाही, आणि त्याचं प्रत्येक रूकी कार्ड डॅलसच्याच जर्सीतलं आहे. वर आता लॉस एंजेलिसचे लोक. वर युरोप. मी तुझ्या जागी असते तर सिल्व्हरऐवजी त्याचं एखादं नंबर छापलेलं, रंग जुळणारं रूकी बघितलं असतं, नऊच्या ग्रेडचं का असेना. दोन हजारांच्या आत मिळेल ते घ्यायचं, आणि हजार राखून ठेवायचे. खरेदी हंगाम संपल्यावर कर, जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा बास्केटबॉल कोणाच्या डोक्यात नसतो.

तुमच्याजवळ ॲलनमध्ये डॅलस कार्ड शो भरतो, तिथे जा. रोख घेऊन जा. रोख बघितली की विक्रेता दहा टक्के आपणहून उतरतो, हे मी टेबलाच्या पलीकडून सांगते आहे. मागितलेल्या किमतींकडे ढुंकूनही बघू नकोस. ईबेवर खरोखर विकल्या गेलेल्या किमती लाव आणि शेवटच्या तीन-चारच धर. एकच भरमसाट आकडा दिसला तर तो सोडून दे. पैसे न भरता बोली लावणारे पुष्कळ असतात. विकायची वेळ आली तर ईबे तेरा टक्क्यांच्या आसपास कापून घेतं. वर्षभरानंतर विकलंस तर नफ्यावर सरकार २८ टक्क्यांपर्यंत कर घेऊ शकतं, कारण संग्राह्य वस्तूंना शेअरसारखी सवलत नाही. म्हणजे कार्ड वीस टक्के वाढलं म्हणून तू नाचशील तेव्हा हातात फारसं काही आलेलं नसेल. हे आधी माहीत असलेलं बरं.

कार्ड पसंत पडलं की विकत घेण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठव. मागच्या बाजूचा आधी.

तुझी,
मावशी

ता. क. : घराच्या विम्यात संग्रहाला किती मर्यादा आहे ते एजंटला विचारून घे, बहुतेक पॉलिसींत ती अगदीच तुटपुंजी असते. आणि कार्ड खिडकीजवळ मांडू नकोस. टेक्सासच्या उन्हात सहीची शाई उडते, आणि उडालेल्या सहीला खरंच कोणी गिऱ्हाईक नाही.